फवारणीची नोंद बोलून व्हावी का? एम.ई.च्या प्रबंधाचा प्रश्न कसा मांडावा याविषयी सल्ला हवा आहे

फवारणी_वही (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी मी मानव-संगणक आंतरक्रिया (माणसे संगणक आणि फोन कसे वापरतात याचा अभ्यास), म्हणजे ज्याला सगळे एचसीआय म्हणतात, ते क्षेत्र निवडले आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागायतदारांना फवारणीची नोंद मोबाईलवर मराठीत बोलून करता यावी असे ॲप तयार करावे आणि त्याची उपयुक्तता तपासावी, असा विषय मी समितीपुढे मांडला होता.

विषय सुचण्याचे कारण घरातलेच आहे. माझ्या मामांची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग असून तिची निर्यातीसाठी नोंदणी केलेली आहे. अशा बागेत कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती मात्रेत आणि कशासाठी फवारले याची नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्षात मामांची नोंद कृषी सेवा केंद्राकडून मिळालेल्या एका डायरीत होते आणि तीही रोजच्या रोज होत नाही. आठ-दहा दिवसांच्या फवारण्या एका बैठकीत आठवून लिहिल्या जातात. कित्येक पानांवर तर औषधाचे नाव लिहिलेलेच नाही. त्या जागी रिकाम्या पाकिटाचा नाव छापलेला तुकडा फाडून स्टेपलरने टाचलेला आहे आणि त्याच्या कडेला बॉलपेनने ‘६०० ला दीड’ एवढेच लिहिलेले आहे. लिहिण्याचा कंटाळा हीच मूळ अडचण असावी आणि बोलून नोंद करता आली तर ती सुटेल, असे मला त्यावरून वाटले.

समितीतील एका सदस्यांनी मात्र ‘शेतकऱ्यांसाठी ॲप बाजारात पुष्कळ आहेत, मग यात संशोधन कोठे आहे?’ असे विचारले. माझ्या मार्गदर्शकांचे स्वतःचे काम मशीन लर्निंगमधील असल्याने त्यांचे म्हणणे असे आहे की, मी मराठीसाठी स्पीच रेकग्निशनचे (बोललेले ओळखून लिहिणारे) मॉडेल स्वतः प्रशिक्षित करावे आणि त्याची अचूकता आधीच्या मॉडेलांपेक्षा वाढलेली दाखवावी. दोन्ही म्हणणी समजतात, पण दोन्ही पूर्ण केल्यावर मामांच्या डायरीचे काय होणार, हे मला त्यांतून कळत नाही.

या क्षेत्रात काम केलेल्या मंडळींना माझी विनंती आहे की, संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा, किती शेतकऱ्यांबरोबर अभ्यास केला म्हणजे तो पुरेसा धरला जातो, आणि शेवटी ‘सिस्टीम युजेबिलिटी स्केल’ची (वापरायला किती सोपे वाटले हे विचारणारी) प्रश्नावली भरून घेतली तर परीक्षकांना तेवढे मूल्यमापन चालेल का, याविषयी मार्गदर्शन करावे. ऑक्टोबर छाटणी सुरू होण्यापूर्वी सुधारित सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) द्यायचा आहे, कारण फवारण्यांचा मुख्य काळ त्यानंतरच येतो.

गोदाकाठ यांचे उत्तर

समितीचा प्रश्न बोचरा वाटला तरी रास्त आहे. त्याचे उत्तर ॲपच्या वैशिष्ट्यांत शोधू नका. जेकब वॉब्रॉक आणि ज्युली किएंट्झ यांनी २०१६ मध्ये एचसीआयमधील संशोधनाच्या योगदानाचे सात प्रकार मांडले आहेत. काही नवे घडवणे हा त्यांतील एक प्रकार आहे, आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, कोठे अडतात, कोणत्या पद्धतीने त्यांचे काम अधिक नीट होते, हे निरीक्षणातून किंवा प्रयोगातून शोधून काढणे हा दुसरा. घडवण्याच्या बाबतीत एकटी विद्यार्थिनी वर्षभरात बाजारातील कंपन्यांच्या पुढे जाणे कठीण असते. निरीक्षणाच्या बाबतीत मात्र मामांची डायरी हाती असलेली विद्यार्थिनी त्या कंपन्यांच्या कितीतरी पुढे असते. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध ‘अमुकसाठी तमुक ॲपची रचना आणि विकास’ अशा शीर्षकाने सुरू होतात आणि स्क्रीनशॉटांच्या प्रकरणाशी संपतात. ते टाळता आले तर अर्धे काम झाले असे समजा.

तुमच्या मांडणीत मला खटकते ती गोष्ट अशी की, ‘बोलून’ हा निर्णय अभ्यासाआधीच झालेला आहे. जे कमी लिहितात त्यांना बोलणे सोपे जाईल, हे गृहीतक मनाला लगेच पटते. पण ते तपासले गेले तेव्हा नेहमीच टिकलेले नाही. नील पटेल आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या ग्रामीण भागात दूरध्वनीवरून माहिती देणाऱ्या सेवेसाठी बोलून दिलेल्या आज्ञा आणि फोनची बटणे दाबून दिलेल्या आज्ञा यांची तुलना केली होती. २००९ च्या सीएचआय या एचसीआयच्या प्रमुख आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बटणे वापरणाऱ्यांची कामे अधिक प्रमाणात पूर्ण झाली, आणि हा फरक आठवीपेक्षा कमी शिकलेल्यांमध्ये विशेष दिसला. तेव्हापासून आवाज ओळखण्याचे तंत्र फार सुधारले आहे हे मान्य. पण म्हणूनच तो प्रश्न आज मराठीत आणि द्राक्षबागेत पुन्हा विचारण्याजोगा आहे. समितीला सांगण्यासारखे संशोधन इथे आहे.

आता डायरीकडे पुन्हा पाहा. तुम्ही दिलेल्या वर्णनात निदान तीन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. नोंद उशिरा होते, ही विसरण्याची अडचण आहे. नावाऐवजी पाकिटाचा तुकडा टाचला जातो, ही नावाची अडचण आहे. ते नाव लिहायला अवघड आहे, आणि जे लिहायला अवघड ते उच्चारायलाही अवघडच असणार. ‘६०० ला दीड’ ही मात्रेची अडचण आहे, कारण सहाशे लिटरच्या टाकीला दीड किलो म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम हा हिशेब डोक्यात राहतो आणि कागदावर उतरत नाही. बोलून नोंद करण्याने यांपैकी फक्त टंकलेखनाचा त्रास वाचतो आणि तो या तिन्हींत कोठेच ठळकपणे दिसत नाही. मामांनी नावाचा प्रश्न स्वतःच्या पद्धतीने सोडवलेला आहे: त्यांनी पाकीटच नोंदवहीत आणून लावले आहे. मोबाईलने पाकिटाचे छायाचित्र काढणे आणि मात्रा आकड्यांच्या मोठ्या बटणांनी भरणे, ही रचना त्यांच्या आजच्या सवयीला आवाजापेक्षा जवळची ठरू शकते. ठरेलच असे मी म्हणत नाही; तपासायचे ते हेच आहे.

म्हणून पहिला टप्पा कोणतेही ॲप न करता पार पाडा. ह्यू बायर आणि कॅरेन होल्ट्झब्लॅट यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ‘कॉन्टेक्स्च्युअल इन्क्वायरी’ ही पद्धत इथे चपखल बसते. मुलाखत बैठकीच्या खोलीत न घेता काम चालते त्या जागी घ्यायची, आणि ‘तुम्हाला काय अडचणी येतात?’ असे न विचारता ‘ही मागच्या आठवड्याची नोंद मला वाचून दाखवा’ असे म्हणायचे. वाचताना माणूस जेथे थबकतो, जेथे घरातल्या दुसऱ्या कोणाला हाक मारतो, तेथे तुमचा विषय असतो. औषध कालवण्याची जागा, फोन त्या वेळी कोणाच्या खिशात असतो, हातमोजे आणि मास्क असताना तो वापरता येतो का, ब्लोअर (फवारणीचे पंख्याचे यंत्र) सुरू असताना बोललेले ऐकू येते का, हे सारे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवा.

दुसऱ्या टप्प्यासाठी मॉडेल प्रशिक्षित करण्याची गरज नाही. जॉन केली यांच्या १९८० च्या दशकातील कामापासून ‘विझार्ड ऑफ ऑझ’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरा: शेतकरी फोनमध्ये बोलतो, पलीकडे बसलेला तुमचा सहकारी ते ऐकून नोंद भरतो आणि पडद्यावर ती यंत्राने भरल्यासारखी दिसते. ओळखण्यात चूकच होत नसली तरीही लोकांना बोलून नोंद करणे सोयीचे वाटते का, हे यातून कळते. या स्थितीतही वही जिंकली, तर अचूकता वाढवण्याचा खटाटोप कोणासाठी करायचा, हा प्रश्न तुमच्या मार्गदर्शकांनाही पटेल. पडद्यामागे माणूस होता हे अभ्यास संपल्यावर प्रत्येकाला सांगणे मात्र आवश्यक आहे.

शेवटी एक सावधगिरी. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंगळूरमध्ये ४५० जणांबरोबर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, दोन गोष्टी हुबेहूब सारख्या असल्या तरी मुलाखत घेणाऱ्याने स्वतः केलेली गोष्ट आवडल्याचे सांगण्याची शक्यता सुमारे अडीच पट असते, आणि मुलाखत घेणारा दुभाष्या घेऊन आलेला परदेशी संशोधक असेल तर ती पाच पटींवर जाते. तुम्ही परदेशी नाही. पण शिकलेली, शहरातून आलेली आणि कोणाची तरी भाची आहात. घरी आलेल्या पाहुण्या मुलीला ‘तुझे ॲप निरुपयोगी आहे’ असे निफाड तालुक्यात कोणी सांगणार नाही. त्यामुळे आवडले का हे विचारण्यापेक्षा काय घडले ते मोजा: फवारणी आणि नोंद यांत किती तास गेले, किती रकाने रिकामे राहिले, आणि तुम्ही स्वतः उभे राहून पाहिलेल्या फवारणीशी ती नोंद जुळते का.

दिंडोरीचा_बागायतदार यांचे उत्तर

ताई, मी संशोधक नाही. द्राक्षे पिकवतो आणि निर्यातीसाठी माल देतो. वरील उत्तरात बरेच बरोबर आहे, परंतु काही गोष्टी बागेत उभे राहिल्याशिवाय कळत नाहीत म्हणून लिहितो.

नोंद ठेवण्याचे महत्त्व आम्हाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अवशेषांमुळे आपल्याकडची द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हाचा फटका अनेक घरांना अजून आठवतो. तरीही बहुतेकांकडे नोंदी दोन असतात, एक कच्ची आणि एक पक्की. कच्ची नोंद डायरीत, कॅलेंडरवर किंवा शेडच्या भिंतीवर खडूने होते. पक्की नोंद नमुने तपासणीला जाण्याच्या सुमारास घरातील चांगल्या अक्षराची व्यक्ती बसून उतरवते. आमच्या घरी ते काम माझी पत्नी करते. तुम्ही ‘शेतकरी’ म्हणून ज्याची मुलाखत घ्याल तो कदाचित नोंद लिहीतच नसेल, हे ध्यानात ठेवा. औषध कालवणारा माणूसही अनेकदा तिसराच असतो. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून आलेले लोक कामाला असतात आणि त्यांची बोली वेगळी आहे. आवाज ओळखणारे यंत्र नेमके कोणाचा आवाज ओळखणार आहे, हे आधी ठरवावे लागेल.

दुसरी गोष्ट कदाचित तुमच्या उपयोगाची ठरेल. हल्ली पुष्कळ बागायतदार पगारी सल्लागार ठेवतात आणि त्यांच्याकडून फवारणीचे वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येते. म्हणजे काय फवारायचे ते आदल्या दिवशीच लिखित स्वरूपात फोनमध्ये असते. त्यात बदल होतो तो पावसामुळे, दुकानात ते औषध न मिळाल्यामुळे किंवा डावणी हा बुरशीजन्य रोग अचानक वाढल्यामुळे. संपूर्ण नोंद नव्याने बोलण्याऐवजी ‘ठरल्याप्रमाणे झाले’ किंवा ‘यात एवढा बदल झाला’ इतकेच सांगायचे असेल, तर मी स्वतः ते करीन. रोज पाच रकाने भरणे मला जमणार नाही, मग ते बोलून असो की लिहून.

तिसरे म्हणजे नावांचा गोंधळ. दुकानातून आम्ही कंपनीच्या नावाने औषध आणतो, तर तपासणीत त्यातील घटकाचे नाव पाहिले जाते. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक एकच, पण ते किती वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांतून मिळते याची कल्पना दुकानातील एका फळीसमोर उभे राहिल्यावर येईल. पाकीट बदलले की घटकही बदलला असे समजणारे लोक आहेत आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे याचा हिशेब तेथेच चुकतो.

आणि ती नोंद कोठे जाणार, हे पहिल्याच भेटीत सांगा. फोनमध्ये केलेली नोंद निर्यातदाराला किंवा आणखी कोणाला परस्पर दिसणार असेल, तर माणूस कच्ची नोंद त्यात कधीच करणार नाही, तो पक्कीच करेल. आणि मग तुम्ही मोजत असलेला उशीर आणि रिकामे रकाने, दोन्ही खोटे निघतील.

भेटीची वेळ विचारूनच या. छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी असते आणि दुपारी माणूस झोपलेला असतो किंवा दुकानात गेलेला असतो. डिपिंगच्या (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या) दिवसांत तर कोणीच बोलणार नाही.

सरासरी_विचलन यांचे उत्तर

नमुन्याच्या संख्येविषयी आणि प्रश्नावलीविषयी थोडक्यात लिहितो, कारण या दोन ठिकाणी प्रबंध नेहमी अडकतात.

‘पाच वापरकर्ते पुरेसे’ हे वाक्य तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. ते जेकब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांच्या १९९३ च्या कामावरून आले आहे. एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात, एवढाच त्याचा अर्थ. दोष शोधून रचना सुधारताना तो आकडा उपयोगी आहे. दोन पद्धतींची तुलना करून कोणती सरस हे सांगताना त्याचा काहीही आधार नाही. तुलनेसाठी प्रत्येक व्यक्तीकडून दोन्ही पद्धती वापरून घेतल्या, मध्यम आकाराचा फरक (कोहेन यांच्या मापाने ०.५) अपेक्षित धरला, पाच टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ठेवली, तर ३४ जण लागतात. फरक मोठा (०.८) असेल तर १५ जणांत भागते. केली केन यांनी २०१६ मध्ये सीएचआय परिषदेतील शोधनिबंधांचा आढावा घेतला तेव्हा सर्वाधिक आढळलेली नमुनासंख्या १२ होती. पण ती प्रचलित संख्या आहे, ती पुरेशी असल्याचा दाखला नाही. परीक्षकांपुढे तिचा हवाला देताना हा भेद पाळा. कोणाला आधी वही आणि कोणाला आधी फोन द्यायचा, हा क्रम निम्म्या निम्म्यांत उलटा करायला विसरू नका.

गोदाकाठ यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. प्रत्यक्ष फवारणीला उभे राहून नोंद पडताळणे आदर्श असले, तरी तुम्ही उभ्या आहात म्हणूनच नोंद वेळेवर होईल. त्यापेक्षा रिकामी पाकिटे आणि बाटल्या एका पोत्यात साठवायला सांगा, आठवड्याने त्या मोजा आणि नोंदीशी ताडून पाहा. पुरावा आपोआप साठत राहतो आणि पाहणारा कोणी नसतो.

आता ती प्रश्नावली. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये केलेल्या सिस्टीम युजेबिलिटी स्केलमध्ये दहा विधाने असतात आणि प्रत्येकाला १ (पूर्णपणे असहमत) ते ५ (पूर्णपणे सहमत) असे उत्तर द्यायचे असते. एक आड एक विधान नकारात्मक असते. विषम क्रमांकाच्या उत्तरातून एक वजा करायचा, सम क्रमांकाचे उत्तर पाचातून वजा करायचे आणि बेरजेला अडीचने गुणायचे. जो माणूस सौजन्याने सगळ्याच विधानांना ‘पूर्णपणे सहमत’ म्हणतो त्याचे गुण बरोबर ५० भरतात. हे करून पाहा, कारण बागेत प्रश्न वाचून दाखवताना असे अनेक जण भेटतील आणि त्यांचे ५० हे मत नसून शिष्टाचार असतो. ६८ ही बऱ्याच अभ्यासांतून निघालेली सरासरी आहे. ती ६८ टक्के नव्हे आणि उत्तीर्ण होण्याची रेषाही नव्हे. प्रश्नावली अवश्य वापरा, पण ती एकटी वापरू नका, आणि आकडा देताना प्रत्येकाचे गुण वेगवेगळे दाखवा. पंधरा-वीस जणांची नुसती सरासरी फारसे काही सांगत नाही.

फवारणी_वही (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः सल्लागारांच्या वेळापत्रकाची माहिती माझ्यासाठी अगदी नवी होती. मामांना विचारले असता त्यांच्याही फोनमध्ये असे वेळापत्रक येते असे समजले. त्यांनी ते मला यापूर्वी सांगितले नव्हते, कारण मी केवळ डायरीविषयी विचारत होते.

आता प्रश्न असा मांडावा असे वाटते: निर्यातक्षम द्राक्षबागेत फवारणीची कच्ची नोंद कोण, केव्हा आणि कशाच्या आधारे करते, आणि आधी ठरलेल्या वेळापत्रकात बदल तेवढा सांगण्याची पद्धत, बोलून किंवा पाकिटाच्या छायाचित्राने, वहीच्या तुलनेत नोंदीतील उशीर आणि त्रुटी कमी करते का? दोन शंका उरतात. मार्गदर्शकांना यात मशीन लर्निंगचा भाग कोठे दाखवावा? आणि आमच्या महाविद्यालयात नैतिकता समिती नसल्याने संमतीपत्राचे काय करावे?

कागदी_नमुना यांचे उत्तर

प्रश्न चांगला झाला आहे, परंतु त्याचा उत्तरार्ध अजूनही एका प्रबंधाला जड आहे. बोलणे, छायाचित्र आणि वही अशा तिन्ही पद्धती घेतल्यास क्रमांच्या सहा मांडण्या होतात आणि प्रत्येक घरी तीनदा जावे लागते. पूर्वार्धातील निरीक्षणे हाती आल्यावर बोलणे किंवा छायाचित्र यांपैकी एकच निवडून वहीशी तुलना करा, आणि ती निवड कोणत्या निरीक्षणावरून केली हे एका परिच्छेदात लिहा. परीक्षक त्या परिच्छेदावरच सर्वाधिक प्रश्न विचारतात असा माझा अनुभव आहे.

मार्गदर्शकांचे समाधान करण्याची जागा याच विषयात आहे आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. तुमच्याकडे जी ध्वनिमुद्रणे जमतील त्यांत ‘दीड’, ‘अडीच’, ‘सव्वाशे’, ‘पावणेदोनशे’ असे आकडे, कंपन्यांनी ठेवलेली औषधांची नावे आणि मागे ब्लोअरचा आवाज, हे तिन्ही एकत्र असतील. सर्वसाधारण मराठीवर प्रशिक्षित झालेली मॉडेल नेमकी अशा ठिकाणी कशी वागतात, हे पाहणे उपयोगाचे आहे. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत या संशोधन गटाची मॉडेल खुली आहेत आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या भाषिणी या भाषातंत्रज्ञानाच्या उपक्रमातही मराठीचा समावेश आहे. त्यांपैकी दोन तयार मॉडेल घ्या, तुमच्या मुद्रणांवर चालवा, आणि एकूण शब्दत्रुटीचा दर (चुकीच्या ओळखलेल्या शब्दांचे प्रमाण) एका ओळीत देऊन उरलेले प्रकरण त्रुटींच्या वर्गीकरणाला द्या. ‘दीड’ ऐवजी ‘दीर’ लिहिले गेले तर वापरकर्त्याच्या ते लगेच लक्षात येते. ‘अडीचशे’ ऐवजी ‘दीडशे’ लिहिले गेले तर लक्षात येत नाही आणि मात्रेची नोंद चुकते. शब्दत्रुटीच्या दरात दोन्ही चुका सारख्याच मोजल्या जातात. हा फरक दाखवणारे प्रकरण तुमच्या मार्गदर्शकांना आवडेल, आणि मॉडेल प्रशिक्षित करण्यात जाणारे कित्येक महिने वाचतील.

मागे एका विद्यार्थ्याच्या कामात ‘विझार्ड’चा डाव फसलेला मी पाहिला आहे. पलीकडचा सहकारी इतका वेगाने आणि अचूक भरत होता की, पडद्यावरचे यंत्र अविश्वसनीय वाटू लागले आणि शेतकरी त्याच्याशी गप्पा मारू लागले. सहकाऱ्याला उत्तर देण्यापूर्वी ठरावीक काळ थांबायला सांगा, आणि काही ठिकाणी मुद्दाम चुकायलाही सांगा. चुका कोठे करायच्या ते वरच्या वर्गीकरणातून ठरेल. चूक सुधारताना लोक काय करतात, हे पाहिल्याशिवाय बोलून नोंद करण्याविषयी काहीही ठामपणे म्हणता येत नाही.

संमतीविषयी: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, तरीही माहितीपत्रक आणि संमतीपत्र कसे रचावे यासाठी ती डोळ्यांसमोर ठेवावीत. माणसाशी जोडता येणारे ध्वनिमुद्रण ही वैयक्तिक माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील संमतीची कल्पना विशिष्ट हेतूपुरती आहे. म्हणून अभ्यासासाठी ध्वनिमुद्रण करणे, ते मॉडेलवर चालवणे आणि पुढे इतर संशोधकांना देणे, या तिन्हींसाठी वेगवेगळी संमती मागा. महाविद्यालयात समिती नसेल तर विभागप्रमुखांकडून अभ्यासाच्या आराखड्याला लेखी मान्यता घ्या आणि तिची प्रत प्रबंधाला जोडा. शोधनिबंध एखाद्या परिषदेला पाठवायचा झाला तरी हे विचारले जाते.

सहभागी मिळवताना सल्लागारामार्फत किंवा औषधाच्या दुकानामार्फत जाऊ नका, कारण त्यांनी सांगितल्यावर नाही म्हणणे बागायतदाराला अवघड जाते आणि फवारणीच्या नोंदीत त्या दोघांचाही हितसंबंध असतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे आणि द्राक्ष बागायतदार संघाचाही नाशिक विभाग आहे. तेथे आपल्या अभ्यासाचे एक पान लावून लोकांनी स्वतः संपर्क करावा, अशी व्यवस्था करता येईल. त्या पानावर नोंद कोणालाही दाखवली जाणार नाही हे पहिल्या ओळीत लिहा. नोंद पत्नी, मुलगा किंवा कामावरील माणूस करत असेल तर संमती त्या व्यक्तीची स्वतंत्रपणे घ्यावी लागेल, आणि ती घेताना घरातील कर्ता पुरुष शेजारी बसलेला नसावा, याची सोय आधीच करून ठेवा.